आधी कान, मग जीभ

बालवाडीच्या किंवा पहिलीच्या वर्गावरून जाणाऱ्या माणसाच्या कानी जे वाक्य सर्वांत आधी पडते, ते म्हणजे 'गप्प बसा रे'. त्यामागे राग असतोच असे नाही. चाळीस-पन्नास लेकरे एका खोलीत असली, की बाईंना दुसरे काय सुचणार? आपण पालकमंडळीही ज्या वर्गातून आवाज येत नाही त्याला शिस्तीचा वर्ग म्हणतो आणि तिथल्या बाईंची वाखाणणी करतो. मी स्वतः तीस वर्षे नांदेड आणि लातूर ह्या दोन जिल्ह्यांत लहान मुलांना शिकवले. ह्या काळात हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल, ह्याचा हिशेब मांडण्याचे धैर्य मला होत नाही. म्हणूनच, निवृत्तीनंतरच्या निवांतपणात मनाला सतत टोचत राहिलेला एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. वरवर पाहता तो अध्यापनाचा प्रश्न आहे; मुळात तो नीतीचा आहे. लहान मूल जे बोलते ते ऐकून घेण्याचे ऋण आपल्यावर आहे काय? आणि असेल, तर ते न फेडणाऱ्याला आपण नुसता अकुशल शिक्षक म्हणायचे, की त्याच्या हातून अन्याय घडला असे म्हणायचे?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचला नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतील गोष्ट आहे. मुखेड तालुक्यातील एका गावी मी पहिलीच्या वर्गावर होते. गावाला लागून बंजारा समाजाचा तांडा होता आणि तांड्यावरची दहाबारा लेकरे आमच्या शाळेत येत. जून महिन्याचा शेवट असावा. भिंतीवर एक चित्र लावले होते : चुलीपुढे बसून भाकरी थापणारी बाई आणि तिच्या मांडीला टेकलेले मूल. 'चित्रात कोण दिसते?' असे मी विचारले. तांड्यावरची एक मुलगी पहिल्या दिवसापासून सर्वांत पुढे येऊन बसत असे. ती ताडकन उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, 'याडी!' वर्गात हशा पिकला. मी हसले नाही. पण मी जे केले ते हसण्याहून वाईट होते. अगदी प्रेमळ स्वरात मी म्हणाले, 'याडी नव्हे बाळ, आई म्हणावं. म्हण बरं, आई.' तिने माझ्याकडे पाहिले, चित्राकडे पाहिले आणि ती खाली बसली. 'आई' हा शब्द तिने उच्चारला नाही. त्यानंतर वर्गात तिने दुसराही कोणता शब्द उच्चारल्याचे मला आठवत नाही. हजेरीला ती हात वर करी, पाटीवर रेघोट्या ओढी आणि शाळा सुटली की निघून जाई. दसरा झाला, तिचे आईबाप कोयता घेऊन उसाच्या फडावर गेले, त्यांच्याबरोबर तीही गेली. पुढल्या वर्षी पटावर तिचे नाव होते, ती नव्हती.

बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत आईला 'याडी' म्हणतात, हे मला ठाऊक होते. तेव्हा मी अज्ञानाने चुकले अशी सबब मला सांगता येत नाही. तिचे उत्तर बरोबर आहे हे जाणत असतानाच मी ते चूक ठरवले. माणसाच्या जिभेवर जो शब्द सर्वांत आधी येतो, तोच शाळेने तिच्याकडून पहिल्या महिन्यात काढून घेतला आणि त्या बदल्यात तिला काहीच दिले नाही.

ही एका तांड्याची गोष्ट म्हणून बाजूला सारता येणार नाही. नांदेड आणि लातूर हे सीमेवरचे जिल्हे आहेत. देगलूर, बिलोली, धर्माबाद ह्या भागांत अनेक घरांतून तेलुगू बोलली जाते. उदगीर, देवणी, निलंग्याकडे कानडी कानांवर येते. किनवट आणि माहूरच्या डोंगराळ मुलखात गोंडी आणि कोलामी बोलणारी माणसे आहेत. नांदेड, कंधार, उदगीर येथील मोहल्ल्यांत दखनी उर्दू आहे, आणि तांडे तर दोन्ही जिल्ह्यांत विखुरलेले आहेत. ज्या घरांत मराठीच बोलली जाते, त्या घरांतले लेकरूही पाठ्यपुस्तकातली मराठी घेऊन येत नाही. ते 'साळंत' येते, 'पानी' पिते, 'भाकर' खाते, आणि 'मी जात आहे' असे न म्हणता 'मी जायलो' असे म्हणते. ह्याला आपण अशुद्ध बोलणे म्हणतो. परंतु जरा कान देऊन ऐकावे. हेच लेकरू 'खायलो', 'बघायलो', 'करायलो' अशी रूपे एकामागून एक बिनचूक लावीत जाते. मुलगी असेल तर 'जायले' म्हणते, अनेक माणसे असतील तर 'यायलेत' म्हणते. हे नियम त्याला कोणी शिकवले? कोणत्याही फळ्यावर ते लिहिलेले नव्हते. घरातल्या, अंगणातल्या, रानातल्या माणसांचे बोलणे ऐकून वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत त्याने एक संपूर्ण व्याकरण आपल्या मनात उभे केले. माणसाच्या बुद्धीचा ह्याहून मोठा पराक्रम पुढे पदवी घेतानाही त्याच्या हातून होत नाही. असे हे विद्वान मूल शाळेच्या उंबरठ्यावर येते, आणि आपण त्याला सांगतो की तुला बोलता येत नाही.

उच्चारावरून माणसाची परीक्षा घेण्याचा हा खेळ जुना आहे. जुन्या करारातील 'शास्ते' ह्या पुस्तकात एक भयंकर प्रसंग सांगितला आहे. युद्धात हरलेले एफ्राइमी लोक यार्देन नदी ओलांडून घरी पळत होते. गिलादी लोकांनी नदीचे उतार रोखून धरले आणि येणाऱ्या प्रत्येकाला एक शब्द म्हणावयास लावला : 'शिब्बोलेथ'. एफ्राइमींच्या बोलीत 'श' नव्हता. त्यांच्या तोंडून 'स' निघे. ज्याचा 'श' चा 'स' झाला, त्याला तिथेच ठार करण्यात आले. त्या काळी बेचाळीस हजार माणसे पडली असे तो ग्रंथ सांगतो. हा भाग वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, तो त्या संख्येमुळे येत नाही. 'शाळा' म्हणता येत नाही म्हणून 'साळा' म्हणणाऱ्या किती लेकरांना मी शाळेच्या उतारावर अडवले, हे मला आठवते. आमच्या उतारावर कोणाचा जीव जात नाही, हे खरे. परंतु जीभ जाते. आणि जीभ गेलेले मूल चौथीपर्यंत वर्गात बसूनही वर्गात नसते. प्रभू येशूचा शिष्य पेत्र ह्यालाही मुख्य याजकाच्या अंगणात त्याच्या गालिली बोलण्यावरूनच लोकांनी ओळखले होते. राजधानीच्या शहराला त्याची बोली खेडवळ वाटली असेल. त्याच खेडवळ बोलीच्या मासेमारावर ख्रिस्तसभा उभारली गेली, हे आपण विसरता कामा नये.

मराठवाड्याच्या माणसाने तर हे मुळीच विसरू नये. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू होते. खालच्या वर्गांत मराठी चाले, परंतु पुढे जायचे तर उर्दूच्याच वाटेने जावे लागे. उर्दूने ह्या मातीला पुष्कळ काही दिले, आपल्या रोजच्या बोलण्यात तिचे धन आहे, त्याविषयी कृतज्ञताच असावी. परंतु घरची भाषा शाळेच्या दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवावी लागणे म्हणजे काय, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलेले आहे. स्वामी रामानंद तीर्थ ह्यांनी हिप्परगा आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथील शाळांतून जे काम केले त्यामागे ह्या वेदनेचाही भाग होता. त्यांच्या नावाचे विद्यापीठ १९९४ पासून नांदेडला उभे आहे. मग मराठीला शाळेत आणि विद्यापीठात मानाचे स्थान मिळाल्यावर, त्याच मराठीने तांड्यावरच्या, मोहल्ल्यातल्या आणि गावकुसाबाहेरच्या लेकरांपुढे तोच उंबरठा उंच करून ठेवावा काय? आपल्यावर झालेला अन्याय आपल्याला न्यायी बनवतोच असे नाही. पुष्कळदा तो आपल्याला केवळ उंबरठ्याच्या आतल्या बाजूला नेऊन बसवतो.

येथे एक सुज्ञ वाचक हरकत घेईल, आणि त्याची हरकत खरी आहे. तो म्हणेल, 'बाई, हे सारे ठीक आहे. पण ह्या मुलांना उद्या तलाठ्याच्या कचेरीत अर्ज करायचा आहे, बँकेत बोलायचे आहे, मुलाखत द्यायची आहे. तिथे 'मी जायलो' चालणार आहे का? प्रमाण मराठी शिकवली नाही, तर तुम्ही त्यांना कायमचे मागे ठेवाल. हा अन्याय नव्हे काय?'

आहे. हाही अन्यायच आहे, आणि तो दयेचे रूप घेऊन येतो म्हणून अधिक फसवा आहे. ह्या ठिकाणी मला इटलीतील लोरेन्झो मिलानी ह्या धर्मगुरूची आठवण होते. १९५४ साली फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातील बारबियाना नावाच्या अगदी लहानशा धर्मग्रामात त्यांची नेमणूक झाली. नावाला वस्ती, धड रस्ता नाही, शेतकऱ्या-धनगरांची मुले शाळेतून नापास होऊन परत आलेली. मिलानी ह्यांनी धर्मगुरूच्या घरातच शाळा उघडली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या मुलांबरोबर ते बोलत राहिले. वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, त्यातला प्रत्येक अडलेला शब्द फोडून पाहावा, त्यावर वाद घालावा, ही त्यांची रीत. गरीब आणि श्रीमंत ह्यांच्यातले खरे अंतर पैशाइतकेच शब्दांचे आहे, आणि ज्याला दुसऱ्याचे म्हणणे समजते व आपले म्हणणे मांडता येते तोच बरोबरीचा माणूस होतो, अशी त्यांची श्रद्धा होती. १९६७ साली त्यांच्या आठ विद्यार्थ्यांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून लिहिलेले पत्र पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि ते जगभर वाचले गेले. त्याच वर्षी जूनमध्ये मिलानी वारले. हयातीत त्यांना वरिष्ठांचा रोष पत्करावा लागला होता. पन्नास वर्षांनंतर, २० जून २०१७ रोजी, पोप फ्रान्सिस त्यांच्या कबरीवर प्रार्थनेसाठी गेले.

मिलानी ह्यांच्यापासून मी जे शिकले ते असे, की लहान मुलाच्या भाषेविषयी आपली कर्तव्ये दोन आहेत आणि त्यांना क्रम आहे. पहिले कर्तव्य, ते जे घेऊन आले आहे त्याचा स्वीकार करणे. दुसरे, त्यात भर घालणे. पहिले टाळून दुसरे करू गेलो तर मूल मुके होते. पहिले करून दुसरे विसरलो तर मूल आपल्या वस्तीपुरतेच बोलके राहते. मी त्या मुलीच्या बाबतीत भर घालण्याच्या घाईत स्वीकार विसरले. आणि ज्याचा स्वीकार झालेला नाही त्याच्यात भर घालता येत नाही. भांडे उपडे असेल तर वरून कितीही ओता.

मग वर्गात करायचे तरी काय? ह्यासाठी मोठ्या साहित्याची गरज नाही, हे मी अनुभवाने सांगू शकते. पहिली गोष्ट, प्रश्न विचारल्यावर थांबावे. अमेरिकेतील मेरी बड रो ह्या संशोधक बाईंनी १९७० च्या सुमारास वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली. प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदच वाट पाहतात, असे त्यांना आढळले. तीन सेकंद किंवा अधिक थांबले, तर मुलांची उत्तरे लांब होतात, गप्प बसणारी मुले बोलू लागतात आणि मुले एकमेकांना प्रश्न विचारू लागतात, असेही दिसले. दोन सेकंदांची ही वाढ करायला शासनाचे अनुदान लागत नाही. मात्र ती वाटते तितकी सोपी नाही. प्रश्न विचारून मनातल्या मनात तीन आकडे मोजून पाहा. ती शांतता आपल्यालाच सोसवत नाही असे लक्षात येईल. मुलाच्या शांततेला भिऊन आपणच बोलू लागतो.

दुसरी गोष्ट, मुलाचे वाक्य खोडू नये, वाढवावे. लेकरू म्हणाले, 'इहिरीत पानी न्हाई', तर 'इहीर नव्हे, विहीर' असे म्हणण्याऐवजी बाईंनी म्हणावे, 'अरे, तुमच्या विहिरीत पाणी नाही? मग पाणी कुठून आणता?' प्रमाण रूप त्याच्या कानी पडले. ते बोलले त्याचा अपमान झाला नाही. आणि पुढे बोलण्यास वाट मिळाली. लेकरू आता टँकरविषयी, रांगेविषयी, आईच्या डोईवरच्या घागरीविषयी सांगू लागते. हे काही नवे शास्त्र नव्हे. घरोघरीच्या आज्या हेच करीत आल्या आहेत.

तिसरी गोष्ट, ज्याविषयी मुलाला खरोखर सांगण्यासारखे आहे, त्याविषयी त्याला विचारावे. लातूर जिल्ह्यात बदली झाल्यावर मला हे येळवसेने शिकवले. मार्गशीर्ष अमावस्येचा हा सण लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत, तसेच पलीकडे बीदरकडेही, मोठ्या हौसेने होतो. गावे ओस पडतात, सारी माणसे रानात जातात. कडब्याची कोप उभारतात, पूजा होते, भज्जी, उंडे, आंबील असे जेवण होते आणि ज्याचे रान नाही त्यालाही बोलावून जेवू घालतात. एका वर्षी त्या सणाच्या दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडलेच नाही. मुलांना गोल बसवले आणि म्हटले, 'मी काल गावी नव्हते. मला काय काय झाले ते सांगा.' पाच महिने ज्याचा आवाज मी ऐकला नव्हता असा एका सालगड्याचा मुलगा हळूच म्हणाला, 'आंबील सांडली.' मी थांबले. मनात तीन मोजले. मग तो सांगू लागला : बैलगाडीत माठ कसा ठेवला होता, चाक खड्ड्यात कसे गेले, आजी कशी ओरडली, बाप हसला म्हणून आजी आणखी कशी चिडली, आणि मग शेजारच्या रानातून दुसरी आंबील कशी आली. आधी काय झाले, नंतर काय झाले, का झाले, कोण काय म्हणाले, हे सारे त्या सांगण्यात होते. निबंध म्हणून दहावीला आपण ह्याहून अधिक काय मागतो? त्याचीच पाच वाक्ये मी फळ्यावर लिहिली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गाने ती वाचली. तो मुलगा आपले वाक्य बोटाने दाखवी. अक्षर म्हणजे आपलेच बोलणे, जे उद्यापर्यंत टिकते, हा शोध त्याला त्या दिवशी लागला.

ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक ह्यांनी गिजुभाई बधेका ह्यांच्यासमवेत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये त्यांचे काम चालले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच मुलांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. 'अंगणवाडी' हा जो शब्द आज खेडोपाडी लोकांच्या तोंडी आहे तो ह्याच कामातून रुळला. मला त्या शब्दातच एक नीती दिसते. आपण मुलाला आपल्याकडे बोलावतो, त्याआधी आपण त्याच्या अंगणात जाऊन उभे राहिले पाहिजे. भाषेच्या बाबतीत त्याचे अंगण म्हणजे त्याच्या घरची बोली.

तरीही पालकांची अडचण उरतेच. लातूर म्हटले की साऱ्या महाराष्ट्राला 'लातूर पॅटर्न' आठवतो. एके काळी दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्यांत आणि पुढे वैद्यकीय-अभियांत्रिकी प्रवेशांत ह्या शहराने जे यश मिळवले त्यामागे शिक्षकांचे आणि मुलांचे अपार कष्ट आहेत. कोरडवाहू शेतीतून वर येण्याची ती एक शिडी होती व आहे. तिची थट्टा मी करणार नाही. परंतु ह्या शिडीची सावली अंगणवाडीपर्यंत पडली आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या वहीत ओळीने 'अ आ इ ई' दिसले नाही तर पालक शाळा बदलतात. मूल आज काय बोलले, असे विचारणारे पालक मला तीस वर्षांत थोडेच भेटले. बोलण्याला गुण नाहीत, म्हणून बोलण्याला किंमत नाही. वास्तविक वाचनाचा पाया बोलणेच आहे. जो शब्द मुलाने कधी ऐकलाच नाही, तो अक्षराला अक्षर जुळवून त्याने वाचला तरी त्याच्यापुरता तो मुकाच राहतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ साली 'निपुण भारत' अभियान सुरू झाले आणि २०२२ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा आला. त्या दोहोंतही मौखिक भाषेला पायाचे स्थान दिलेले आहे. शासनाच्या कागदाने एवढे मान्य केले, ही समाधानाची गोष्ट. तथापि कागद ऐकत नाही. ऐकायला माणूसच लागतो.

आणि हा माणूस केवळ शाळेत असून भागणार नाही. आपल्या समाजापुरते बोलायचे तर आपल्यालाही काही प्रश्न स्वतःला विचारले पाहिजेत. आपल्या कित्येक घरांतून लेकरांना इंग्रजी शाळेत घातले की घरातही त्यांच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलण्याची धडपड सुरू होते. मग त्या मुलाशी पोटभर बोलणारे कोणीच उरत नाही. आजीला ती भाषा येत नाही, आईला ती थोडी येते, आणि मुलाच्या हाती मोबाईल येतो, जो बोलतो पुष्कळ पण ऐकत नाही. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतही पाठ केलेली उत्तरे खणखणीत म्हणणाऱ्या मुलाला बक्षीस मिळते. 'देव रात्री झोपतो का?' असे विचारणाऱ्याला 'गप्प बस' असे सांगितले जाते. मीही सांगितले आहे. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादेत, म्हणजे आपल्या लातूरच्या शेजारी, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष होते, ह्याचा आपल्या सर्वांना अभिमान वाटला. ज्या सामवेदी ख्रिस्ती समाजातून ते आले, त्या समाजाच्या घरांत निराळी बोली आहे. घरची बोली आणि ग्रंथाची मराठी ह्या दोहोंना एका हृदयात जागा असते, एकीला घालवून दुसरी आणावी लागत नाही, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण मला देता येणार नाही. २०२४ साली ते गेले. उदाहरण राहिले आहे.

शेवटी मार्कच्या शुभवर्तमानातील एका प्रसंगाकडे वळते. एका बहिऱ्या आणि अडखळत बोलणाऱ्या माणसाला लोक येशूकडे घेऊन आले. येशूने त्याला गर्दीतून बाजूला नेले. चारचौघांत त्याची जीभ तपासली नाही. आधी त्याने त्याच्या कानांत बोटे घातली, नंतर जिभेला स्पर्श केला. आधी कान, मग जीभ. माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनाचे सार ह्या क्रमात आहे. फरक इतकाच, की वर्गात बहिरे कोण असते, ह्याविषयी मी पुष्कळ काळ चुकीच्या समजुतीत होते. तो कान उघडायला हवा होता तो माझा.

त्या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे, जी मला फार उशिरा दिसली. मार्कने आपले शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिले. परंतु येशूने त्या माणसाला उद्देशून जो शब्द उच्चारला तो अरामी होता, घरचा होता : 'एफ्फाथा'. मार्कने तो खोडला नाही. त्याच्या जागी शुद्ध ग्रीक शब्द बसवून तो मोकळा झाला नाही. त्याने तो घरचा शब्द जसाच्या तसा ठेवला आणि शेजारी त्याचा अर्थ लिहिला. 'अब्बा' ह्या शब्दाचेही त्याने तसेच केले. पित्याला घरात ज्या नावाने हाक मारतात तो हा शब्द. नांदेडच्या मोहल्ल्यातली लेकरे आजही बापाला त्याच नावाने हाक मारतात. पवित्र ग्रंथात ज्याला जागा मिळाली, त्या रीतीला पहिलीच्या वर्गात जागा नसावी काय? त्या दिवशी मी एवढेच म्हणायला हवे होते : 'होय बाळ, याडी. याडी म्हणजे आई.'

नोकरीच्या शेवटच्या वर्षी तसलेच एक चित्र मी उदगीर तालुक्यातील माझ्या वर्गात पुन्हा लावले आणि तोच प्रश्न विचारला. कोणी 'माय' म्हणाले, कोणी 'अव्वा', कोणी 'अम्मी', कोणी 'याडी', तर कोणी 'आई'. सगळे शब्द मी फळ्यावर एकाखाली एक लिहिले आणि सर्वांनी मिळून ते म्हटले. कोणी हसले नाही. फळा भरला होता आणि वर्गात चांगलाच गलका झाला होता. शेजारच्या वर्गावरचे गुरुजी दारात येऊन, सारे ठीक आहे ना, असे विचारून गेले. मी त्यांना ठीक आहे असे सांगितले. पण मला मुखेडची ती मुलगी आठवत होती. आता तिलाही लेकरे असतील, ती शाळेत जात असतील. तिच्या लेकराने वर्गात उभे राहून 'याडी' म्हटले असेल तेव्हा कोणी काय उत्तर दिले असेल, हे मला कळण्याचा काही मार्ग नाही.